ड्राइव्ह शाफ्टचा बूट सारखा फाटतोय? जुना बूट फेकण्याआधी तो नीट बघा

पुढच्या चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं दिसतं. मिस्त्री वाकून बघतो, "बूट गेलाय" म्हणतो, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण फाटलंय, आणि नवा बूट बसतो. पुढचा पावसाळा संपत नाही तोवर त्याच बाजूचा, तोच बूट पुन्हा फाटलेला. कोल्हापुरात जुनी स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांची ही तक्रार आहे, आणि दर वेळी तेच उत्तर मिळतं: "साहेब, रबर आहे, फाटणारच."

हे उत्तर मला पटत नाही. कारखान्यातून आलेले बूट लाखभर किलोमीटर गेलेले मी अनेक गाड्यांत बघितलेत. मग बदललेला बूट वर्षभरात का जातो? पहिला कशानं फाटला हे कुणी बघितलेलं नसतं, म्हणून. जुना बूट कचऱ्यात जातो आणि त्याच्याबरोबर कारणही जातं.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. शेजारच्या गोव्यात जन्मलेली, फायबर बॉडीची, दोन सीटची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, पुढच्या चाकांना ताकद. गाडी दुर्मीळ असल्यानं आयता बूट मिळत नाही, त्यामुळे या विषयात खोल जावंच लागतं. पण खाली लिहिलंय ते फियाटच्या पॅलिओ १.६ ला, जुन्या होंडाला, किंवा मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या मागून चालणाऱ्या गाडीलाही तितकंच लागू आहे.

बूट करतो काय

गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, गॅरेजच्या भाषेत एक्सल. चाक वळलं, खड्ड्यात खाली-वर झालं तरी ताकद एकसारखी पोचावी म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंट असतात. चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खोबणीत फिरतात. आल्फ्रेड रझेपा या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात ही रचना काढली आणि १९५९ च्या मिनीनंतर ती छोट्या गाड्यांत रुळली. गिअरबॉक्सकडचा जॉइंट बहुतेक गाड्यांत तीन रोलरचा, म्हणजे ट्रायपॉड असतो. तो कोनात वळतो तसा आत-बाहेरही सरकतो.

या दोन्ही जॉइंटवर पेटीच्या भात्यासारखा घड्या असलेला रबरी बूट चढवलेला असतो. आत ग्रीस कोंडलेलं, बाहेर पाणी आणि माती. चाक पूर्ण वळलेलं असताना बाहेरच्या बूटची एक बाजू मिटते आणि दुसरी ताणली जाते. बूट शाफ्टबरोबर फिरत असल्यानं प्रत्येक फेरीत प्रत्येक घडी एकदा मिटते, एकदा उघडते. म्हणून बाहेरचा बूट आतल्यापेक्षा आधी जातो.

फाटलेला बूट काय सांगतो

बूट काढताना ब्लेडनं कापावा लागतोच. पण फाटलेल्या जागेपासून लांब कापा, आणि कापण्याआधी गाडीखालीच फोटो काढून ठेवा. मग रॉकेलच्या चिंधीनं पुसून उजेडात बघा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: बूट फिरतो. गाडीचा एखादा न हलणारा भाग त्याला घासत असेल, म्हणजे सुटलेली वायर, वाकलेला मातीरोधक पत्रा किंवा ब्रेक पाइपची क्लिप, तर घासल्याची खूण बूटभोवती पूर्ण गोल उमटते. अशी खूण दिसली तर नवा बूट आणण्याआधी तो भाग शोधा. चाक हातानं फिरवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. सापडतोच.

एकाच जागी सरळ, स्वच्छ काप असेल तर काहीतरी एकदाच लागलंय. घाटातला टोकदार दगड, रस्त्यावरची तार, नाहीतर गॅरेजमध्ये लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) काढताना टॉमी, म्हणजे पहार, घसरून बसलेला घाव. ऊसतोडीच्या दिवसांत शेताच्या कडेला गाडी उतरवली की खोडव्याच्या तुटक्या बुडख्यांचंही भय असतं, आणि आपल्या गाड्या जमिनीला टेकलेल्याच असतात. हा अपघात. नवा बूट टाका, विषय संपला.

एकाच बाजूला भेगा आणि दुसरी बाजू मऊ, हे चित्र हौसेनं ठेवलेल्या गाड्यांत फार दिसतं. गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात उभी, तीही चाकं वळवलेली. त्या स्थितीत ताणलेल्या घड्या तशाच वाळतात आणि तिथंच तडकतात. उपाय फुकटचा आहे: गाडी लावताना चाकं सरळ करा आणि अधूनमधून थोडी पुढं-मागं हलवा.

सगळ्या घड्यांच्या खोबणीत बारीक भेगांचं जाळं असेल तर रबर म्हातारं झालंय, किंवा मुळातच हलकं होतं. इथं एक फसवणूक लक्षात ठेवा. जुन्या गाडीचा "ओरिजिनल, न वापरलेला" बूट कुठंतरी मिळाला की आपल्याला आनंद होतो. पण तो वीस वर्षं डब्यात पडून असेल तर त्याचंही वय वीस आहे. विकत घेण्याआधी घडी उलटी वाकवून भिंगातून खोबण बघा. पांढुरकी रेघ किंवा केसाएवढी चीर दिसली तर कितीही ओरिजिनल असला तरी सोडून द्या.

बूट फुगलेला, गुळगुळीत, नखानं दाबला तर खड्डा पडणारा वाटला तर त्यावर तेल ठिबकतंय. गिअरबॉक्सचं ऑइल सील, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, पॉवर स्टिअरिंगचा पाइप, जे असेल ते. तेलात भिजणारं रबर कितीही महाग असलं तरी टिकत नाही. आधी गळती बंद करा. याउलट बूट वाळून कडक झालेला असेल आणि तो सायलेन्सरच्या पहिल्या पाइपाजवळचा असेल, तर तिथला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का बघा. जुन्या गाड्यांत तो गंजून पडतो, नाहीतर कुणीतरी "आवाज करतोय" म्हणून काढून टाकलेला असतो.

आता आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. शेजारशेजारच्या घड्यांच्या एकमेकींकडच्या भिंती चकचकीत झिजलेल्या असतात आणि तिथंच भोक पडलेलं असतं. म्हणजे घड्या एकमेकींवर घासतायत, म्हणजे जॉइंट कायम जास्त कोनात काम करतोय. का? गाडी खाली, स्पीडब्रेकर उंच. पोट घासू नये म्हणून मालकानं स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवलेले असतात. गाडी उचलली जाते, पण गिअरबॉक्स वर गेला आणि चाक खालीच राहिलं, त्यामुळे शाफ्ट तिरका झाला. दोन्ही जॉइंट सरळ रस्त्यावरही कोनात फिरू लागतात. त्यात राधानगरी, पन्हाळा भागातली तांबडी, खरखरीत माती घड्यांमध्ये बसली की पॉलिश पेपरची गरजच उरत नाही. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांचंही तेच होतं, फक्त कोन उलट दिशेचा. गाडी सपाट जागी उभी करून समोरून खाली वाकून बघा. मूळ स्प्रिंगवर शाफ्ट साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. नजरेत भरेल इतका उतार असेल तर आधी बफर काढा, स्प्रिंग थकल्या असतील तर बदला. बफर तसेच ठेवून बूट बदलत राहणं म्हणजे दरवर्षीचा खर्च बांधून घेणं आहे.

खचलेलं इंजिन माउंटिंगही याच यादीत येतं. क्लच सोडताना इंजिन उसळी मारत असेल तर आतला जॉइंट दर वेळी हिसका खातो आणि आतला बूट जातो.

शेवटचा प्रकार: बूट धडधाकट, पण ग्रीस बाहेर. हा दोष क्लॅम्पचा (बूटचं तोंड आवळणारी पट्टी), मापाचा, किंवा बूटची ओठाळी, म्हणजे तोंडाची कड, बसते त्या खोबणीत राहिलेल्या गंजाचा आणि ग्रीसचा.

बूट विकत घेताना

ज्या गाडीचा सुटा भाग दुकानात नावानं मिळत नाही, तिचा बूट मापानं घ्यायचा. व्हर्नियरनं तीन मापं घ्या: लहान तोंड बसतं तिथं शाफ्टचा व्यास, मोठं तोंड बसतं तिथं जॉइंटचा बाहेरचा व्यास, आणि गाडी चाकांवर उभी असताना दोन खोबणींमधलं अंतर. ही मापं आणि जुना बूट घेऊन दुकानात जा. दुसऱ्या एखाद्या चालत्या गाडीचा बूट तंतोतंत जुळतो, तो शोधायचा. आतल्या ट्रायपॉडचा डबा काही गाड्यांत गोल नसतो, बाहेरून तीन पाकळ्यांचा असतो. त्याला आतून तसाच आकार असलेला बूट किंवा मध्ये बसणारी रबरी कडी लागते. गोल बूट आवळून बसवला तर पाकळ्यांच्या मधून ग्रीस येणारच.

चीर असलेला, चिकटवून जोडायचा बूट घेऊ नका. एक्सल न काढता अर्ध्या तासात बसतो म्हणून तो मोहात पाडतो. पण जोडायची कड पूर्ण कोरडी आणि तेलाचा अंशही नसलेली लागते, आणि ग्रीस उडालेल्या जॉइंटवर ती तशी मिळणं जवळजवळ अशक्य. आपल्या पावसात तो जोड उघडतो. शंकूवरून ताणून चढवायचा लवचीक बूट त्यापेक्षा बरा, पण ताणता यावा म्हणून त्याचं रबर पातळ असतं. पर्यायच नसेल तर घ्या. जॉइंट काढून बसवायचा, घट्ट निओप्रीनचा किंवा कडक प्लास्टिकसारख्या थर्मोप्लास्टिकचा बूट हेच खरं काम. थर्मोप्लास्टिक जास्त टिकतं, मात्र त्याला क्लॅम्पही तितकाच दमदार लागतो.

क्लॅम्पच्या बाबतीत तडजोड नको. पाण्याच्या होजला लावतात तो स्क्रूचा क्लॅम्प इथं लावू नका. त्याचं डोकं एका बाजूला जड असतं, शाफ्ट वेगात फिरताना ते शेजारच्या भागाला लागतं, आणि पट्टीच्या खाचा रबर कापतात. प्लास्टिकचा टाय तर नकोच. कान असलेला, चिमट्यानं दाबायचा स्टीलचा क्लॅम्प घ्या. त्याचा चिमटाही वेगळा मिळतो, तो एकदा घेऊन ठेवा.

बसवताना

पायरीपायरीनं सगळं लिहीत नाही, गाडीचं मॅन्युअल हाताशी ठेवा. जिथं काम बिघडतं तेवढंच सांगतो.

हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोठा नट गाडी जमिनीवर असताना, कुणालातरी ब्रेक दाबायला सांगून ढिला करा. गाडी जॅकवर असताना त्या नटाशी झटापट करणं जिवावर बेतू शकतं. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की हब बाहेर ओढता येतो. शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, नाहीतर आतला ट्रायपॉड त्याच्या डब्यातून निसटतो. ब्रेक कॅलिपर काढावा लागला तर तारेनं वर बांधा, होजवर लटकवू नका. आणि हबचा नट टॉर्कवर आवळलेला नसताना गाडी चाकांवर ढकलू नका, चाकाचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावर एकत्र राहतं.

रेनोवाल्यांसाठी खास. रेनोच्या जेबी जातीच्या गिअरबॉक्सला डाव्या बाजूचा आतला बूट तीन बोल्टच्या पट्टीनं थेट गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो, आणि त्यातला ट्रायपॉड गिअरबॉक्सच्या तेलातच फिरतो. तुमच्या गाडीला तशी पट्टी दिसली तर बोल्ट सोडण्याआधी गिअर ऑइल काढून घ्या. तो बूट फाटला की ग्रीस उडत नाही, तेल गळतं. मिस्त्री ते ऑइल सील समजून सील बदलत बसतो आणि गळती तशीच राहते. वेळेत लक्षात आलं नाही तर गिअरबॉक्स कोरडा पडतो. उजव्या बाजूचा शाफ्ट या गिअरबॉक्सला रोल पिननं (ठोकून बसवायची पोकळ खिळी) अडकवलेला असतो. नेमक्या जाडीचा पंच नसेल तर ठोकू नका, पिन आतच मशरूमसारखी पसरते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर तसा पंच हातोहात करून मिळतो.

शाफ्ट व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावा. बाहेरचा जॉइंट काही गाड्यांत सर्कलिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) फाकवून निघतो, काहींत आतल्या कडीवर पितळी ठोकणी ठेवून एक ठाम घाव घातला की सुटतो. हातोडा थेट लोखंडावर मारू नका. ट्रायपॉड काढण्याआधी तो शाफ्टवर कसा बसलाय त्याची खूण करा आणि रोलरभोवती चिकटपट्टी गुंडाळा. रोलर निसटला की आतल्या बारीक सुया फरशीवर पसरतात.

आता जॉइंट धुवा. वरवर पुसून नवं ग्रीस भरणं हीच पुढच्या खर्चाची सुरुवात असते. आत गेलेली माती जुन्या ग्रीसमध्ये मिसळून घासणारी लुगदी होते. रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये जॉइंट सगळ्या कोनांत वळवत धुवा, मग ब्रेक क्लीनरनं त्या रॉकेल-डिझेलचा अंशही काढा, पूर्ण वाळवा. गोळ्यांच्या खोबणी बघा. नुसती चमकदार वाट चालेल. नखाला अडकणारी खाच, टवका किंवा उष्णतेची निळसर झाक दिसली तर जॉइंट संपला, त्यावर नवा बूट चढवण्यात अर्थ नाही. खरं तर हे काम काढण्याआधीच तपासता येतं: मोकळ्या मैदानात स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून हलका ॲक्सिलरेटर द्या, पुढं आणि मागं. कटकट आवाज आला तर बाहेरचा जॉइंट झिजलाय. सरळ रस्त्यावर जोर दिल्यावर गाडी थरथरत असेल आणि जोर काढल्यावर थांबत असेल तर आतल्या ट्रायपॉडवर संशय घ्या.

ग्रीस बूटच्या किटमधलंच वापरा, आणि पाकिटात आहे तेवढंच. गोळ्यांच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस लागतं, चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथं चालत नाही. दोन जातींची ग्रीस एकत्र करू नका. निम्मंअधिक जॉइंटच्या आत बोटानं दाबून बसवा, उरलेलं बूटमध्ये. "जास्त भरलं तर चांगलंच" असं होत नाही. जागा उरली नाही की बूट फुगतो आणि ग्रीस ओठाळीतून वाट काढतं. सर्कलिप नवी घाला.

ज्या दोन खोबणींत बूट बसणार त्या बारीक पॉलिश पेपरनं गंजमुक्त करा आणि कोरड्या करा. बूटची ओठाळी आतून पुसा. ग्रीस लागलेली ओठाळी क्लॅम्पखाली फिरते, मग बूटला पीळ बसतो, आणि पिळलेला बूट तिरका फाटतो. मोठा क्लॅम्प आवळा. त्यानंतर बूट मूळ लांबीला आणा, पीळ नाही ना बघा, आणि लहान तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सरकवून आतली हवा सोडा. हवा कोंडली तर जॉइंट गरम झाल्यावर बूट फुगतो, हवा कमी राहिली तर घड्या आत ओढल्या जाऊन चिमटतात. घाईत सर्वांत जास्त राहून जाणारं काम हेच आहे. आतल्या सरकत्या जॉइंटला मॅन्युअलमध्ये ठरलेली लांबी दिलेली असते, त्या लांबीवर धरूनच हवा सोडा. मग लहान क्लॅम्प आवळा.

हबचा नट नवा वापरा. तो आवळताना गाडी जमिनीवर, पाना टॉर्कचा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा.

नंतर

काम संपल्यावर बूट, रिमची आतली बाजू आणि शॉकॲब्सॉर्बर चिंधीनं लख्ख पुसा. पुढच्या वेळी दिसणारं ग्रीस नवं की जुनं हे त्याशिवाय कळत नाही. पन्हाळ्यापर्यंत जाऊन या, वळणं भरपूर मिळतात. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. लहान क्लॅम्पजवळ पुसट तेलकटपणा असेल तर पुसून आठवडाभरानं पुन्हा बघा. ग्रीसचे थेंब उडालेले असतील तर क्लॅम्प सैल आहे.

ज्यांची गाडी २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात उभी होती, किंवा त्या काळात पाण्यात उभी असलेली गाडी जे आता विकत घेतायत, त्यांनी बूट वरून चांगला दिसतो म्हणून थांबू नये. दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलेल्या बूटमध्ये ओठाळीतून पाणी शिरतं. लहान क्लॅम्प सोडून थोडं ग्रीस काडीवर घ्या. काळंभोर असेल तर ठीक. राखाडी, दुधाळ झालेलं असेल तर चारही जॉइंट उघडून धुवा, आणि गोळ्यांवर गंजाचे ठिपके बघा.

गगनबावड्याकडे किंवा फोंडा घाटातून कोकणात उतरणारे असाल तर पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात एकदा चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून प्रत्येक घडी बोटांनी उघडून बघा. भेग दिसली आणि ग्रीस अजून आत असेल तर त्याच आठवड्यात बूट बदला. या टप्प्यावर खर्च फक्त रबराचा, क्लॅम्पचा आणि ग्रीसचा आहे. स्टॉर्मसारख्या गाडीला नवा जॉइंट शोधत फिरायला लागलं तर गाडी किती महिने उभी राहील हे कुणीच सांगू शकत नाही.